पांढरा ठिपका

लोकांच्या माना सरळ करणं हा माझा धंदा, आणि माझीच मान वाकडी. मी फिजिओथेरपिस्ट आहे. रोज सकाळी दवाखान्यात धडधाकट माणसांना मी दरडावते, "खांदे खाली! कान आणि खांदा यांची ओळखसुद्धा असता कामा नये!" आणि गेले काही आठवडे मोटरसायकलवरून उतरले, की माझेच खांदे कानांशी गुजगोष्टी करत असायचे. मानेपासून दंडापर्यंत अशी कळ जायची, की सिग्नलला शेजारी बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागे. एका बस ड्रायव्हरला वाटलं, मी भांडायलाच वळलेय. त्या बिचाऱ्याने काही न करताच माफी मागितली.

गाडी माझी जीव की प्राण. लाल, जाडजूड, चालू केली की पोटात गुदगुल्या करणारी. नवरा म्हणतो, तू माझ्याकडे कधी इतक्या प्रेमाने बघत नाहीस. खरंय, पण तोही कधी असा आवाज करत चालू होत नाही.

नवरा विम्याच्या कंपनीत आहे, त्यामुळे त्याला दूध उतू जाण्यातही अपघात दिसतो. एका रात्री जेवताना मला पाण्याचा ग्लास उचलवेना, तेव्हा त्याने तोंड उघडलं.

"उद्या मागून ट्रक आला आणि तुला बघता आलं नाही तर? विकून टाक गाडी."

"माझ्या मानेचं मी बघते," मी फणकारले. "पुढच्या रविवारपर्यंत बरी नाही झाली, तर खुशाल वीक!"

ही माझी जीभ. सासूबाई आणि सासरे दोघेही एकदम खाली बघून जेवायला लागले. मला वाटलं, सुनेच्या आवाजाने बिचारे घाबरले. नवऱ्याने मात्र दुसऱ्याच दिवशी ऑफिसातलं गिऱ्हाईक गाठलं. रविवारी संध्याकाळी पाचला तो गाडी बघायला येणार होता, आणि त्याची मान म्हणे माझ्या मांडीएवढी होती.

मग मी स्वतःवर तुटून पडले. उशी बदलली, उशी काढली, टॉवेलची गुंडाळी घेतली. हेल्मेट जड असेल म्हणून हलकं आणलं. शेकून शेकून मान भाजायची वेळ आली. रोज नवं निदान, रोज नवा व्यायाम, आणि रोज तीच कळ. एक पेशंट आजी तर मलाच म्हणाल्या, "बाई, तू जरा आडवी हो, मी दाबून देते." मी झाले आडवी! लाज कोळून प्यायले होते मी तोवर.

सकाळी गाडीचे आरसेही वाकडे असायचे. रस्त्याऐवजी त्यांत माझं कोपर दिसायचं. मी सफाईवाल्याला मनातल्या मनात चार शिव्या हासडून ते सरळ करायची. गाडी दुपारी घरी आली, की किल्ली दारामागे दुसऱ्या किल्लीशेजारी टांगून मी शेजारच्या गल्लीत म्हाताऱ्या मंडळींचा व्यायामवर्ग घ्यायला पायी जाते. तेवढा वेळ गाडी खाली पार्किंगमध्ये गुपचूप उभी असते, असा माझा समज होता.

रविवार उजाडला. मान जैसे थे. दुपारी डोळे पुसत मी बादली आणि फडकं घेऊन खाली गेले. सासरी जायच्या आधी लेकीला शेवटची आंघोळ घालावी म्हटलं. बघते तर जागा रिकामी! बादली हातातून सुटली, पाणी माझ्याच पायावर. चोर, चोर म्हणून ओरडणार, इतक्यात फाटकातून ओळखीचा आवाज आला आणि माझी लाल लाडकी झोकात वळण घेऊन आत शिरली. वर एक ताडमाड माणूस. पाठ ताठ, खांदे खाली, कोपरं सैल. मी पेशंटना चित्रात दाखवते ना, अगदी तस्सा.

"बाबा?"

हेल्मेटच्या आतून आवाज आला, "कोण बाबा?"

मी हेल्मेट उपसून काढलं. आत माझे सासरे, गाल लालबुंद. सत्तरी उलटली तेव्हा नवऱ्याने त्यांच्या गाडीची किल्ली काढून घेतली होती आणि त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

"लायसन्स आहे माझ्याकडे," ते घाईघाईने म्हणाले. "शेवटची चक्कर होती गं सूनबाई. तू वर्गाला गेलीस आणि मग तुझी सासू देवळात गेली, की रोज थोडा जाऊन येतो. पण तुझ्या गाडीला ओरखडा नाही हो! बघ, जशी घेतली तशी ठेवतो."

बाबांनी आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली. हत्यार आपल्या हाताला बेतून घ्यायचं आणि काम झालं की होतं तिथे ठेवायचं, केसभरही इकडेतिकडे नाही, ही त्यांची शिस्त. चहाचा डबासुद्धा ते तसाच ठेवतात. त्यांनी खिशातून पाना काढला, हँडलचे बोल्ट सैल केले.

"माझे हात लांब, म्हणून जाताना हे पुढे ढकलतो. आलो की परत या ठिपक्यावर. पहिल्या दिवशीच खूण करून ठेवली." हँडलवर मोहरीएवढा पांढरा ठिपका होता, घड्याळाच्या आकड्यांना लावायच्या रंगाचा. बाबांनी हँडल मागे आणून तो ठिपका बरोबर सांध्यावर बसवला आणि बोल्ट आवळले.

मी गाडीवर बसले. कोपरं बरगड्यांत रुतली, मनगटं मुडपली, आणि खांदे निघाले कानांच्या भेटीला. एखाद्या पेशंटला असं बसलेलं पाहिलं असतं, तर मी दवाखाना डोक्यावर घेतला असता! जगाच्या खुर्च्या, उशा, पलंग तपासत हिंडले आणि जिच्यावर रोज बसते, तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

"बाबा, ठिपका चुकलाय!"

"माझा?" बाबांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या खानदानावरच गेले. "शक्य नाही. हँडल जिथे होतं तिथेच मी खूण केली."

"मग त्याआधी ते तिथे आणलं कुणी? हे एखाद्या बुटक्या माणसाचं माप आहे!"

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. सासूबाई खाली आल्या. उंची जेमतेम माझ्या खांद्याएवढी, हातात कापडी पिशवी. "मैत्रिणीकडे जाऊन येते," असं वरच्या दाराकडे बघून म्हणत त्या वळल्या आणि आम्हाला बघून जागीच थबकल्या. पिशवी गोल गरगरीत फुगली होती.

"आई, पिशवीत काय आहे?"

"कोबी."

कोबीला काच होती आणि हनुवटीचा पट्टाही होता. कोबीखाली पाना होता.

बाबा आधी पिशवीकडे बघत राहिले, मग बायकोकडे. "तू? गाडी?"

"तुम्ही दुपारी घोरायला लागलात, की जाते. आज तुम्ही दिसेनात, म्हणून तशीच निघाले," आई म्हणाल्या. "लग्नाआधी वडिलांची गाडी मीच चालवायची. ही गाडी काढली, त्या पहिल्या दिवशी हँडल माझ्यापुरतं ओढून घेतलं आणि परत करायचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी बघते तर जिथल्या तिथे! रोजच तसं. मला वाटलं, गाडीला माझी सवय झाली."

मला हसू फुटलं. हसताना मान दुखत होती आणि दुखताना आणखी हसू येत होतं. बाबांनी इमानेइतबारे, केसभरही न चुकता, रोज गाडी बायकोच्या मापाची करून ठेवली होती, आणि माझ्या मानगुटीवर दोघांनी मिळून बसकण मारली होती.

बाबा मात्र हसत नव्हते. "एवढा संसार झाला आपला," ते हळूच म्हणाले. "एकदाही सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत? दरवेळी गाडी काढून आणायचात आणि म्हणायचात, 'घट्ट धर.' मी धरायची."

मग बाबांनी किल्ली काढून आईंच्या तळहातावर ठेवली. हँडलला हात लावायची गरजच नव्हती, ते त्यांच्याच मापाचं होतं. आईंनी पदर खोचला, कोबी डोक्यावर चढवला आणि पहिल्याच झटक्यात गाडी चालू केली. बाबा आपले लांब पाय दुमडत मागे बसले. आता हात कुठे ठेवावेत, हे त्यांना कळेना.

नवरा गिऱ्हाइकाला घेऊन फाटकातून आत आला आणि त्याचे आईवडील त्याच्यासमोरून बाहेर पडले. त्याचा आ वासलेला.

"गाडी कुठंय?" गिऱ्हाइकाने विचारलं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी अख्खं अंग वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"विकायची नाहीये," तो म्हणाला. "आईला कोण सांगणार?"

रस्त्याच्या कोपऱ्यावर आईंनी वेग घेतला. इंजिनच्या आवाजातूनही त्यांचं ओरडणं आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.

"घट्ट धरा!"

आणि बाबांनी धरलं.