जाळीपासून दूर गेलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. लोखंड वितळवणारी नव्हे, तळघरात बसून अख्खं घर उबदार ठेवणारी. माझी गोष्ट सांगताना मान खाली जाते, तरी सांगते.

माझी उमेदीची वर्षं शहरातल्या एका दवाखान्यात गेली. मला बसवलं त्याच दिवशी तपासनीस आले, त्यांनी गॅसची नळी तपासली, धुराड्यात डोकावून पाहिलं आणि सगळं ठीक असल्याची हिरवी चिठ्ठी माझ्या गळ्यात बांधली. त्या चिठ्ठीचा मला केवढा तोरा होता! पुढे दवाखाना बंद झाला. मर्ल नावाच्या शेतकऱ्याने मला विकत घेतलं आणि ट्रकमध्ये घालून अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या शेतावर आणलं. तिथे त्याची थोरली बहीण ओडेला एकटी राहायची. चिठ्ठी वाटेतच कुठेतरी उडून गेली.

"परवाना काढलास का रे?" ओडेलाने विचारलं.

"मागच्या वर्षी गुरांचं कोठार बांधलं, तेव्हा मागितला कुणी परवाना? मग हिला कशाला? आपण शेतावर राहतो बाई, शहरात नाही!"

कोठाराला परवान्याची खरंच माफी होती, राहत्या घराला नव्हती. मर्लने काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत विचारलंच नाही. माझी धुराची नळी त्याने जुन्या विटांच्या धुराड्यात खुपसली आणि हात झटकले. आत पाकोळ्यांनी घरटी केली होती, ती कुणी पाहिली नाहीत.

थंडी पडली. वरच्या खोलीत जमिनीतल्या ज्या जाळीतून माझी ऊब यायची, तिला खेटून ओडेला खुर्ची ठेवायची आणि म्हणायची, "गुणाची गं माझी बाय!" मी फुशारून आणखीच तापायचे. पण धूर बाहेर जातच नव्हता. ज्याला ना रंग ना वास, असा विषारी वायू मीच तिच्या पायाशी सोडत होते. तिचं डोकं ठणकायचं. रविवारी जेवायला आलेल्या मर्लचंही ठणकू लागलं.

"हे तुझ्या बीटच्या लोणच्यानं झालंय," तो म्हणाला.

"तीनदा वाढून घेताना नाही दुखलं ते?" ओडेला हसली, उठायला गेली आणि कोसळली.

मर्लने तिला ओढत अंगणातल्या बर्फात नेलं. ती वाचली, पण आठवडाभर तिला भावाचं नाव आठवेना.

मग काउंटीच्या तपासनीस बाई आल्या. त्यांनी धुराड्यातून टोपलीभर काटक्या काढल्या.

"एका पानाचा तर अर्ज होता, मर्ल."

"मला वाटलं, तुम्ही आडकाठी घालायला येता."

"मी धुराडं बघायला येते."

मर्लने टोपी काढून हातात धरली. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

आता मला नवी नळी आहे, गळ्यात हिरवी चिठ्ठीही आहे. मित्रांनो, आमचं काही चुकत असलं तर आम्हा यंत्रांना ओरडून सांगता येत नाही. म्हणून घर शहरात असो की शेतावर, आम्हाला बसवलंत की जाणत्या माणसाला एकदा बघू द्या.

ओडेलाने खुर्ची लांब खिडकीपाशी नेली आहे. मी कितीही ऊब सोडली, तरी ती शाल घट्ट लपेटून तिथेच थंडीत बसते.