आत्याबाईंचे शब्द मी गिळले

सन दोन हजार नऊ, नोव्हेंबर महिना, थंडीचे पहिले दिवस. त्या महिन्याच्या सोळा तारखेस, सोमवारी सकाळी, मला पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढून एका टेबलावर ठेवण्यात आले. मी मोडेम आहे. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून इंटरनेट आणणारी डीएसएल नावाची जी सेवा असते, तिच्या दारावरचा मी पहारेकरी. आत्मवृत्त सांगणाऱ्याने आपल्या पराक्रमापासून आरंभ करावा, अशी रीत आहे. माझ्यापाशी पराक्रम नाही. जे आहे, ते खाली मान घालूनच सांगावे लागेल.

ती खोली चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या एका कार्यशाळेची होती. मागल्या बाजूस यंत्रांची घरघर, पुढे दोन टेबले. एका टेबलाशी आत्याबाई बसत, दुसऱ्याशी त्यांचा भाचा, म्हणजे मालक. शहरातले चष्मेवाले फोनवरून नंबर सांगत आणि आत्याबाई ते उतरवून घेत. असे एकतीस वर्षे चालले होते. त्यांचा एक दंडक होता. उतरवलेला प्रत्येक नंबर समोरच्याला पुन्हा वाचून दाखवायचा, आणि त्याच्याकडून "बरोबर" आल्याखेरीज काच यंत्रावर चढवायची नाही. "उजवा डोळा, उणे दोन पंचवीस, अक्ष नव्वद," असे त्या म्हणत, तेव्हा प्रत्येक अक्षर घासूनपुसून ठेवल्यासारखे लखलखीत असे.

खर्च वाचावा म्हणून भाच्याने इंटरनेटवरून चालणारा फोन घ्यायचे ठरवले. सेवा निवडताना त्याने विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला, "डाउनलोडचा वेग किती?" आकडा भारदस्त होता. ही सेवा घरगुती वापराची आहे, व्यवसायासाठी दुसरी मिळते, असेही विक्रेता जाता जाता म्हणाला. पण भाच्याचा जीव त्या आकड्यात अडकला होता. त्यामुळे झाले असे, की बाहेरून येणाऱ्यासाठी माझे दार ऐसपैस, आणि आतून बाहेर जाणाऱ्यासाठी केवळ एक फट. संभाषण दोन्ही बाजूंनी होते, याचा विचार कोणी केला नाही.

साडेदहानंतर भाचा परगावच्या व्यापाऱ्यांना फ्रेमचे फोटो पाठवी. ते लठ्ठ फोटो त्या फटीत घुसले, की आत्याबाईंचे शब्द मागे अडकत, चेंगरत. कित्येक तर मी सरळ टाकून देत असे. कोणाला आधी वाट द्यावी, हे मला शिकवलेले नव्हते, आणि खरे सांगायचे तर ते शिकण्याची माझी कुवतही नव्हती.

"बाई, जरा सावकाश बोला. मधलं काही कळत नाही," चौकातले चष्मेवाले पहिल्याच आठवड्यात म्हणाले.

आत्याबाई सावकाश बोलल्या. मी सावकाश गिळले.

"बाई, तब्येत बरी आहे ना? तोंडात काही आहे का?"

"माझ्या तोंडात बत्तिशी आहे, आणि ती माझी स्वतःची आहे," आत्याबाई म्हणाल्या. यातली निम्मी बत्तिशीसुद्धा मी पलीकडे पोहोचू दिली नाही.

समोरच्याचा आवाज इकडे स्वच्छ येत असे. म्हणून फोन निर्दोष, दोष बोलणारीचा, असा सर्वांचा ग्रह झाला. भाच्याने परीक्षा घेतली नाही असे नाही. तो फोटो पाठवणे थांबवून, उठून फोनपाशी येई आणि विचारी, "माझं ऐकू येतंय का?" फोटो थांबले, की माझी फट मोकळी होई. पलीकडून उत्तर येई, "अगदी छान! तुमच्या आत्याबाईंचंच काय ते कळत नाही." तो जागेवर परते, फोटो पुन्हा सुरू होत, आणि आत्याबाई पुन्हा तोतऱ्या ठरत.

फेब्रुवारीत त्यांनी सकाळी लवकर येऊन, खोलीत कोणी नसताना, नंबर मोठ्याने म्हणण्याचा सराव सुरू केला. ज्या बाईंनी उभ्या जन्मात एक अक्षर खाल्ले नव्हते, त्या आरशासमोर ओठ फाकवून "अक्ष, अक्ष" म्हणत होत्या. मला हिरवे दिवे होते. ते सारे ठीक चालल्याची ग्वाही देत लुकलुकत होते. त्या दिव्यांची मला आजही लाज वाटते.

अखेर भाचा म्हणाला, "आत्या, रागावू नकोस. उद्यापासून फोन हिला घेऊ दे." ही, म्हणजे त्याची बायको.

"माझ्या हातून एक तरी काच चुकली का?"

"चुकली नाही गं. पण गिऱ्हाईक कंटाळतं. आणि तू एकदा डॉक्टरांना दाखव. या वयात जीभ जड होणं बरं नव्हे."

आत्याबाईंनी पेन्सिल टेबलाच्या कडेला समांतर ठेवली आणि त्या उठल्या. इतकी वर्षे सांभाळलेली जागा त्यांनी त्यापुढे एका वाक्यानेही वाद न घालता सोडली. कारण तोवर त्यांचाही स्वतःवरचा विश्वास उडाला होता. हे माझे पाप.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन वाजला. दवाखान्यातून आत्याबाई बोलत होत्या. त्यांचा आवाज मी आत व्यवस्थित आणून दिला.

"सूनबाई, डॉक्टर म्हणतात जीभ ठणठणीत आहे. काही नवीन काम आलं का?"

भाचेसून बोलू लागली. तिचा आवाज तरुण, खणखणीत. भाचा शेजारी फोटो पाठवत होता. मी नेहमीप्रमाणे गिळू लागलो.

पलीकडे शब्द तुटकेच पोहोचले. मग आत्याबाई म्हणाल्या, "अगं, तुझीही जीभ जड झाली की! एका रात्रीत? त्याला विचार, आत्ता तो काय करतोय. आणि जे करतोय ते थांबवायला सांग."

भाच्याने हात आखडला. भाचेसून बोलली.

"आता नीट येतंय," आत्याबाई म्हणाल्या. "पुन्हा सुरू करायला सांग." त्यांनी हे तीनदा करायला लावले. तिसऱ्या वेळी भाच्याने माझ्याकडे पाहिले, मग बायकोकडे, मग कोणाकडेच नाही.

नवी सेवा आत्याबाईंनी स्वतः निवडली. पहिला विक्रेता म्हणाला, "आजी, सिनेमे झटक्यात उतरतील."

"इथे काचा घासतात. माझा शब्द इथून बाहेर किती वेगाने जाईल, बोलण्याला फोटोंच्या आधी वाट मिळेल का, आणि लाइन बंद पडली तर किती तासांत माणूस येईल, एवढं लेखी द्या." पहिल्या दोघांनी दिले नाही. तिसऱ्याने व्यवसायासाठीची सेवा देऊ केली आणि तिन्ही उत्तरे कागदावर सही करून दिली.

शुक्रवार, दिनांक बारा मार्च दोन हजार दहा. नव्या सेवेच्या कारागिराने नवी तार जोडून नवा मोडेम बसवला. आत्याबाईंनी चौकातल्या चष्मेवाल्यांना फोन लावला आणि भाच्याला म्हणाल्या, "फोटो पाठव. असतील नसतील तेवढे सगळे. मी बोलते आहे तोवर थांबायचं नाही."

त्यांनी पाच चष्म्यांचे नंबर वाचून दाखवले. पलीकडून पाच वेळा "बरोबर" आले.

"आत्या, चुकलं माझं," भाचा हळूच म्हणाला.

त्यांनी त्याला हातानेच गप्प केले. चष्मेवाले सहावा नंबर सांगत होते.

क्षमा मागायची मलाही होती. परंतु ज्याने चार महिने दुसऱ्याचे शब्द गिळले, त्याने कोणत्या तोंडाने बोलावे? कारागिराने माझी तार उपटली.