मी खोडलेला विषय

मी एक खोडरबर आहे. खरं तर बोलणं हा माझा धंदा नाही. दुसऱ्यांनी लिहिलेलं पुसायचं आणि गप्प पडून राहायचं, एवढंच मला येतं. पण एक गोष्ट मनात सलते आहे. ती सांगितल्याशिवाय मला पुरतं झिजायचं नाही.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. एका लांब पांढऱ्या पट्टीतून मला कापलं, एवढंच आठवतं. मग दुकानातल्या बरणीत बरेच दिवस काढले. तिथून मला एका मुलीने उचललं. तिने आधी माझा वास घेतला आणि दुकानदाराला अगदी हळू आवाजात विचारलं, याने कागद तर फाटत नाही ना? त्या आवाजावरच माझा जीव जडला.

पण कंपासपेटीत गेलो आणि माझा हिरमोड झाला. तिथे आधीच सात दगड राहत होते. एक तांबूस, एक चमचमणारा, एकाच्या पोटात पांढरी रेघ. मुलगी जाईल तिथून दगड उचलून आणायची. पेटी हलली की ते माझ्या अंगावर आदळायचे आणि मला ओरखडे पडायचे. तिची ताई तिला 'खडेकाकू' म्हणायची. मला ते नाव फार आवडायचं, कारण त्यात दगडांची थट्टा होती.

ताई तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांच्या काचा पुसून तिची बोटं कोरडी झाली होती. कॉलेजात तिने आवडीने तत्त्वज्ञान घेतलं होतं. त्याबद्दल कोणी विचारलं की ती हसून विषय बदलायची.

मुलगी शाळा संपवून कॉलेजात गेली तेव्हा मीही गेलो. पहिल्या सत्राला चार विषय होते. तीन सक्तीचे आणि एक आपल्या निवडीचा. तिथली पद्धत अशी, की अर्ज आधी पेन्सिलीने भरायचा, सल्लागार बाईंना दाखवायचा, आणि त्यांनी मान डोलावली की घरून शाईने पक्का करून आणायचा. मुलीने तीन दिवस माहितीपुस्तक वाचलं. एकदा इतिहास लिहिला, मी पुसला. एकदा मानसशास्त्र लिहिलं, तेही पुसलं. शेवटी तिने श्वास रोखून 'भूगर्भशास्त्र' लिहिलं. इतकं दाबून, की पेन्सिलीचं टोक मोडलं. बाईंनी मान डोलावली. जागा फक्त तीस आहेत, उशीर करू नकोस, असंही सांगितलं.

त्या घरात कुठलाही अर्ज असो, शाईने पक्का करायचा तो ताईनेच. तिचं अक्षर छापल्यासारखं. मुलीने खाली सही केली, अर्ज आणि कंपासपेटी ताईच्या पुढ्यात ठेवली आणि आईबरोबर बाजारात गेली.

ताई बराच वेळ त्या एका शब्दाकडे बघत बसली. मग तिने पेटी उघडली. दगड बाजूला सारून मला बाहेर काढलं आणि स्वतःशीच म्हणाली, "मीही आवडीचंच घेतलं होतं. बघ कुठे बसलेय."

आणि तिने मला त्या शब्दावर घासलं.

मी अडू शकलो असतो का? कोण जाणे. आम्ही खोडरबर कधी कधी काळा डाग पाडतो, कागद चुरगाळतो. त्या दिवशी मी तसलं काही केलं नाही. उलट आयुष्यात कधी पुसलं नव्हतं इतकं स्वच्छ पुसलं. कारण मला आनंद झाला होता. आता दगडांचं नाव नको, असं मला वाटलं. हीच माझी चूक. ताईने तिथे सुबक अक्षरात 'संख्याशास्त्र' लिहिलं आणि माझा चुरा फुंकरीने उडवून दिला. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना अर्जही तिनेच कॉलेजात देऊन टाकला.

विषयांची यादी लागली. मुलीच्या नावापुढे 'संख्याशास्त्र' होतं. मुलगी घरी येऊन म्हणाली की कॉलेजच्या कारकुनाने घोळ केला असणार. ताईवर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. रात्री ती धड जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिने सातही दगड पेटीतून काढले आणि खिडकीतल्या कुंडीत टाकले.

आता पेटी माझ्या एकट्याची होती. कोणी आदळत नव्हतं, ओरखडत नव्हतं. इतका मोकळेपणा मला सोसवेना.

तीन दिवसांनी ताई कुंडीला पाणी घालायला गेली आणि तिला ते दगड दिसले. हातातला तांब्या तिने तसाच खाली ठेवला. मुलीला म्हणाली, चल, मी येते तुझ्याबरोबर कॉलेजात.

सल्लागार बाईंनी कपाटातून अर्ज काढला. मुलीने चाचरत सांगितलं की तिने हे लिहिलंच नव्हतं. बाईंनी कागद खिडकीच्या उजेडात तिरका धरला, त्यावर बोट फिरवलं. मी काळं पुसलं होतं, पण पेन्सिलीने दाबलेली खाच मला पुसता आली नव्हती. शाईच्या खाली 'भूगर्भशास्त्र' अजून वाचता येत होतं.

"इथे खाडाखोड झालीय," बाई म्हणाल्या. "थांबा, कारकुनालाच बोलावते."

"नका बोलावू त्यांना," ताई म्हणाली. "मी खोडलंय."

मुलीने ताईकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी बाईंच्या टेबलावर उघड्या पेटीत होतो.

तीस जागा भरून गेल्या होत्या. कोणी विषय सोडला तर जागा मिळेल. तोवर हजेरी न लावता मागच्या बाकावर बसायची परवानगी बाईंनी दिली. बदलाचा नवा अर्ज मुलीने तिथेच भरला. पेन्सिल उचललीच नाही. थेट पेनने, स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं.

या गोष्टीला महिना होत आला. जागा अजून मिळालेली नाही. ताई रोज विचारते, आज काय शिकवलं? आधी मुलगी "काही नाही" म्हणायची. काल तिने पांढऱ्या रेघेचा दगड ताईच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "ही रेघ नंतर भरलीय. आधी तिथे भेग होती." ताईने चष्मा पुसायच्या फडक्याने तो दगड हळूच पुसला.

दगड पुन्हा पेटीत आले आहेत. मला ओरखडे पडतात, ते मी निमूट सोसतो. मी आता नखाएवढा उरलोय. मुली, उरल्यासुरल्या मला वापरशील तर एवढंच कर. जे खोडायचं असेल, ते तुझ्या हाताने खोड. आणि लिहिताना असंच दाबून लिहीत जा.