खुंटीवर तेवलो, पकडीवर विझलो

मी एक जुना दिवा आहे. मला तेल लागत नाही, वात लागत नाही, आणि देवघरात माझी जागा नाही. वडगाव निंबाळकरच्या झुंबरतात्यांनी एका पारदर्शक मुठीत छोटा बल्ब बसवला, पुढे सायकलच्या तारेचे अणकुचीदार टोक लावले, मागे वायर आणि चिमटा जोडला. गॅरेजात मला टेस्ट लॅम्प म्हणतात. वीज पोहोचते तिथे मी लागतो, नसेल तिथे लागत नाही. मित्रांनो, आयुष्यात मी एकदाही खोटे उजळलो नाही.

बारामतीच्या रस्त्यावर बंद पडलेल्या कितीतरी गाड्यांचे दुखणे मी दाखवले! पुढे तात्यांचा मुलगा ऋषिराज स्कॅनर घेऊन आला. गाडीला जोडला की पडद्यावर दोष लिहून दाखवणारे ते हुशार यंत्र. मी खिळ्याला लटकलो, मुठीवर धूळ बसली. पण सकाळी उदबत्ती ओवाळताना तात्या ती माझ्यापुढूनही फिरवत. तेवढे मला पुरे होते.

गेल्या दसऱ्याची सकाळ. सिंधुबाईंची दुधाची व्हॅन अंगणातच अडली. बापलेक धावले, तात्यांच्या खिशात मीही होतो.

"दिवं लागत्यात, हॉर्न वाजतोय, पर चावी फिरवली की नुसतं टक!" सिंधुबाई काकुळतीने म्हणाल्या. "आळीतल्या बायांनी माझ्या भरवशावर कॅन आणून दिल्यात. ऊन चढलं की समदं दूध नासंल."

"नवी बॅटरी हाय," त्यांचे यजमान गेणबा म्हणाले. "काल हिनं गाडीला एवढं ओवाळलं, की गाडीलाबी उपास घडला वाटतं!"

"तुमी गप बसा हो!"

धक्का मारून झाला होता, पण भरल्या कॅनमुळे व्हॅन चिखलातून हलत नव्हती. ऋषिराजने स्कॅनर जोडला. चावी फिरताच त्याचा पडदाच मिटला.

"स्टार्टर खोलायचा तर दुपार व्हईल," तो म्हणाला. सिंधुबाईंनी कॅनवर ओले पोते टाकले आणि हात जोडले. ऋषिराज वडिलांकडे वळला. "तात्या, तुमचा दिवा आणलाय न्हवं?"

माझा ऊर भरून आला!

बॅटरीला शिशाच्या दोन खुंट्या असतात, आणि खुंटीवर वायरची पकड घट्ट बसवलेली असते. माझा चिमटा एका खुंटीला लागला, टोक दुसरीच्या पकडीवर टेकले. मी उजळलो. तात्यांनी चावी फिरवली आणि मी विझलो. मग ऋषिराजने टोक पकडीवरून उचलून थेट खुंटीवर ठेवले. पुन्हा चावी, पुन्हा टक. पण या वेळी मी तेवतच राहिलो.

"बॅटरी चांगली हाय!" ऋषिराज ओरडला. "वीज खुंटीपतुर येती, पर पकडीत पुरेशी शिरत न्हाय!"

पकड सोडवली, तर आत तेलात कालवलेल्या हळदीकुंकवाचा जाड थर.

सिंधुबाईंनी पदर तोंडाला लावला. "काल खंडेनवमीला मीच पाना घिऊन सोडवली. म्हनलं, बॅटरी म्हंजी गाडीचा जीव. तितंच कुंकू न्हाय, तर मग कुठं?"

गेणबासुद्धा हसले नाहीत. तात्या हळूच म्हणाले, "भाव खरा हाय, बाई. पर कुंकू कपाळाला लावत्यात, डोळ्यात न्हाय घालत."

ऋषिराजने दोन्ही खुंट्या पुसल्या, घासून चकचकीत केल्या, पकडी आवळल्या. कुंकवाचा कपडा सिंधुबाईंनी तुळशीपाशी झटकला. चावी फिरली आणि इंजिन असे गरजले की गोठ्यातली वासरे बिचकली. ऊन चढायच्या आत दूध डेअरीत पोहोचले.

मित्रांनो, जुने झाले म्हणून कुणाला अडगळीत टाकू नका. आणि ज्याची पूजा कराल, त्याचा श्वास कुठून चालतो तेही जाणून घ्या. ती जागा स्वच्छ राखणे हीसुद्धा पूजाच.

यंदा खंडेनवमीला गॅरेजात पाट मांडला, तेव्हा स्कॅनरच्या शेजारी मलाही बसवले. सिंधुबाई ताट घेऊन मुद्दाम आल्या. त्यांनी माझ्या मुठीला हळद लावली, कुंकू लावले. मग पदराच्या कोरड्या शेवाने माझे टोक पुसले आणि ते तसेच, लखलखीत, मोकळे ठेवले.