खांबाच्या भोकावरची फरशी

सास्तूरच्या मैदानाचं भांडण ऑस्ट्रेलियानं मिटवलं असं कुणी म्हटलं तर लोक हसतील. हसू द्या. झालं मात्र तसंच.

भूकंपानंतर नवं गाव वसलं तेव्हा खेळायला हे एकच मैदान वाट्याला आलं. पोरींचा खो-खो इथंच आणि पोरांचं क्रिकेटही इथंच. त्यात खो-खोचा एक खांब नेमका गोलंदाजाच्या पळायच्या वाटेत. क्रिकेटच्या संघाचा कप्तान अमरसिंह म्हणायचा, खांब उपटा. रामकिसन म्हणायचा, आधी मला उपटा. रामकिसन एके काळचा खो-खोचा खेळाडू. गेली वीस वर्षं कुणी न सांगता तो मैदानातले दगड वेचायचा, पाणी मारायचा, फक्की टाकून पांढऱ्या रेषा आखायचा. आणि आता तर त्याची लेक अर्पिता तिथं खेळत होती. खांबावर सूर मारावा तर अर्पितानं! एका हातानं खांब धरून अख्खं अंग झोकून द्यायची आणि पलीकडं वळलेल्या पोरीला गाठायचीच. पौषातल्या एका तारखेला धाराशिवला राज्याच्या संघाची निवड होती. तिच्या वयोगटाचं हे शेवटचं वर्ष. यंदा हुकलं की हुकलंच.

रामकिसनचा भाचा उत्कर्ष ऑस्ट्रेलियात एका स्टेडियमवर मैदान राखायच्या कामाला आहे. मामाचं रडगाणं ऐकून त्यानं फोनवर तिथली तऱ्हा सांगितली. तिथं म्हणे फुटबॉल एक नाही, तीन-चार जातींचा. एकाला लांबट गोल मैदान लागतं आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. दुसऱ्याला चौकोनी मैदान आणि निराळेच खांब. एका खेळाचे लोक दुसऱ्याला नावं ठेवतात, पण स्टेडियम एकच वापरतात. शुक्रवारी हा, रविवारी तो. मधल्या दिवसात उत्कर्षची माणसं जमिनीत पुरलेल्या नळ्यांतून खांब उपसून काढतात, जुन्या रेषा धुतात, नव्या आखतात. रामकिसनला हे इतकं पटलं की त्यानं तीनदा सांगायला लावलं.

"मामा, एकच लक्षात ठेवा," उत्कर्ष म्हणाला, "खांब काढला की आधी नळीवर झाकण. बाकीचं सगळं नंतर."

रामकिसननं वेल्डरकडून दोन जाड नळ्या करून घेतल्या आणि जमिनीत पुरल्या. झाकण म्हणून शहाबादी फरशीचे दोन तुकडे, वरून माती. रविवार क्रिकेटचा, बाकीचे दिवस खो-खोचे. अमरसिंह स्वतः खांब उचलू लागायचा. दोन वर्षांची धुसफूस महिन्याभरात निवली. पोरं तर पोरींच्या खेळाला टाळ्या वाजवायला लागली.

मग येळवस आली. त्या अवसेला आमच्याकडं गावात कुणी थांबत नाही. सगळी शेतात जातात, कडब्याची कोपी करतात, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, पूजतात आणि भज्जी-आंबिलीवर ताव मारतात. दुसऱ्या दिवशी क्रिकेटचे सामने सुरू व्हायचे होते, म्हणून रामकिसननं पहाटेच दोन्ही खांब काढून ठेवले. फरशा लावायला वाकला आणि त्याला बायकोचं बोलणं आठवलं. गेल्या वर्षी ढेकळांवर पांडव कलंडले होते आणि धुरपताबाईनं दिवसभर त्याला ऐकवलं होतं. ह्या फरशांवर पांडव कसे ठाक बसतील! आज मैदानावर काळं कुत्रं फिरकणार नाही, संध्याकाळी आणून लावू, असा विचार करून त्यानं फरशा गाडीत टाकल्या. नळीत माती जाऊ नये म्हणून तोंडावर पोत्याचा तुकडा अंथरला. आणि शहाण्यानं सवयीनं वर मातीही पसरली.

दुपारी जेवण झाल्यावर अर्पिता म्हणाली, घरी जाते. रामकिसन पाहुण्यांना आंबील वाढत होता, त्यानं नुसती मान हलवली.

ती घरी गेली नाही, सरावाला मैदानावर गेली. निवड चार दिवसांवर आलेली, पोरीला घास गोड लागत नव्हता. खांब काढलेत हे तिला दिसत होतं. मातीखाली फरशी असते हेही ठाऊक होतं, रविवारी क्रिकेट आटोपल्यावर कितीदा तरी त्यावर पाय देऊन वळली होती. ती सुसाट आली आणि नेहमीच्या जागी वळली. पोतं खचलं, पाय नळीत गेला आणि अंग तसंच पुढं गेलं.

लातूरच्या डॉक्टरनं सांगितलं, गुडघ्यातला बंध पार तुटलाय. ऑपरेशन करावं लागेल, मग वर्षभर पळायचं नाव नाही.

फरशा क्रिकेटच्या पोरांनीच काढल्या असं गावानं ठरवून टाकलं. अर्पितानंही तेच धरलं. बाजेवर पडल्या पडल्या ती अमरसिंहाला शिव्या घालायची. रडली मात्र नाही. रामकिसन उशाशी बसून ऐकायचा. अरे बाबा, बोल की! पण तीन दिवस त्याचं तोंड उघडलं नाही.

चौथ्या दिवशी, धाराशिवला निवड चालू होती त्याच वेळी, अमरसिंह सिमेंटची गोणी घेऊन दारात आला. सगळ्या पोरांना विचारलं, कुणी कबूल होत नाही, पण काम आमच्यापैकीच कुणाचं तरी असणार, असं म्हणाला. खांब आता कायमचे पक्के करू, आम्ही क्रिकेट बंद करतो. आणि तो तरणा गडी बाजेपुढं हात जोडून उभा राहिला. अर्पितानं तोंड फिरवलं.

रामकिसनला ते बघवलं नाही.

"फरशा म्या नेल्या व्हत्या," तो म्हणाला. "पांडव बसवायला. अजून शेतातच हायेत."

धुरपताबाई चुलीपुढून उठून दारात आली. अमरसिंहानं रामकिसनच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. गोणी दारातच राहिली.

आता पोरगी तोडून बोलेल म्हणून रामकिसन मान खाली घालून बसला. बोलू दे, त्याला तेच हवं होतं. अर्पितानं फिरवलेलं तोंड त्याच्याकडं वळवलं.

"आप्पा, कशाला सांगितलं तुमी?" ती म्हणाली. "त्याच्यावर चिडून तरी दिवस निघत व्हता. आता तुमच्यावर कसं चिडू म्या?"

आणि चार दिवसांत पहिल्यांदाच ती रडली, बापाचाच हात तोंडावर दाबून धरून.