खडूची आखणी

ऑफिसात मला सगळे 'आर्किटेक्टबाई' म्हणतात. कौतुकानं नव्हे, हां! चौदा वर्षं इमारती काढल्या, मग कामं आटली आणि पोटापाण्यासाठी मी मोबाइल अ‍ॅपच्या स्क्रीन आखायला इथे आले. तिथे दार कुठे, जिना कुठे. इथे बटण कुठे. माणूस तोच, अडखळतोही तसाच. पण हे इथे कोणाला सांगायची सोय नाही.

बांधकामावर आमची एक पद्धत होती. पाया खणायच्या आधी जमिनीवर चुन्याच्या फक्कीनं अख्खं घर आखायचं आणि त्यातून चालून बघायचं. हे मला बाबांनी शिकवलं. ते गवंडी, हाताखालून शंभरेक घरं गेलेली. कागदावर छान दिसणारं घर चालताना कुठे अडतं, ते तेव्हाच कळतं.

डोळ्यांच्या दवाखान्याचं अ‍ॅप माझ्याकडे आलं, तेव्हा मी ऑफिसच्या पॅसेजमध्ये खडूनं चौकोन आखले. एकेक स्क्रीन म्हणजे एकेक खोली. म्हटलं, चला, चालून बघा. सगळे खो खो हसले. "बाई, लंगडी खेळायची का?" मॅनेजर म्हणाला. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण तोरा बघा मेल्याचा! निदान एकटीनं तरी चालायचं होतं मी. पण लाज वाटली. ओलं फडकं आणलं आणि निमूटपणे सगळं पुसून टाकलं.

मग मॅनेजरची नजर मागे जायच्या बटणावर गेली. "मागे गेलेली माणसं नोंदणी अर्धवट सोडतात. काढून टाका." मी तीन दिवस डोकं फोडलं. म्हातारी माणसं वापरणार, चुकणार, त्यांनी करायचं काय? ऐकतंय कोण! चौथ्या दिवशी म्हटलं, जाऊ दे खड्ड्यात. काढलं बटण आणि पाठवलं पुढे.

या गोष्टीला चार महिने झाले. परवा घरी आले तर बाबा खिडकीशी बसलेले, फोन मांडीवर. त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय आणि डाव्यानंही धूसरच दिसतं. दोन महिने थांबल्यावर त्या दिवशी त्याच दवाखान्याच्या अ‍ॅपवर ऑपरेशनची तारीख घ्यायला त्यांचा नंबर लागणार होता.

"मिळाली का तारीख?" मी विचारलं.

"मिळत होती गं. गेली."

"गेली म्हणजे?"

"कोणता डोळा, असं विचारलं अ‍ॅपनं. बोट डाव्यावर पडलं. दुरुस्त करायला गेलो तर मागे जाताच येईना. भलत्याच डोळ्याचं ऑपरेशन नको, म्हणून बंद केलं, तर नंबरच रद्द. आता साडेतीन महिन्यांनंतरची तारीख दाखवतंय."

माझं टाळकंच सटकलं. दवाखान्यात फोन लावला. "सगळं अ‍ॅपवरूनच होतं, मॅडम." मी फोन घेणाऱ्या पोरीवर ओरडले, मॅनेजरच्या नावानं ठणाणा केला, फोन सोफ्यावर आदळला. बाबा ऐकत होते. साडेतीन महिने त्यांना पायरी दिसणार नव्हती, पेपर दिसणार नव्हता, आणि मला मात्र कोणाला तरी फाडून खायचं होतं.

शेवटी राग बाबांवरच निघाला. "शेजारच्या काकांना बोलवायचं ना! मला फोन करायचा! एकट्यानं कशाला करत बसलात?"

बाबांनी फोन पुसल्यासारखा केला आणि माझ्या हातात दिला.

"अगं, तुझं काम ना ते," ते म्हणाले. "म्हटलं, पोरीनं चालून बघितलं असेल."