अळूच्या वाफ्यामागची जाळी

मी एक जुनी जाळी आहे, मित्रांनो. खिडकीची नाही आणि चहाची तर नाहीच. मी घराच्या पायातली, भाजलेल्या मातीची जाळी. साता समुद्रापारच्या न्यू लिन गावातल्या एका भट्टीत भाजून निघाले आणि तिथल्याच एका लाकडी घराच्या तळाशी बसले.

इथली जुनी घरं जमिनीला टेकत नाहीत. ठेंगण्या खांबांवर लाकडी फळ्या, आणि खाली माणूस रांगत जाईल एवढी पोकळी. तिथली माती सतत ओल सोडते. वारा आम्हा जाळ्यांमधून एका बाजूने शिरतो, ती ओल उचलतो आणि दुसरीकडून निघून जातो. काम एवढंच, पण त्याला सुट्टी नाही.

पहिला घरमालक गुडघे टेकून माझ्यापुढचं गवत उपटायचा, कोळिष्टकं झाडायचा आणि जाता जाता मला एक थाप मारायचा. ती थाप मी अजून विसरलेले नाही. तो गेल्यावर आलेल्यांनी पलीकडे डेक, म्हणजे लाकडी ओटा, बांधला आणि तिकडच्या जाळ्या बुजवल्या. उरलो आम्ही चौघी बहिणी. कसंबसं निभावून नेत होतो.

मग पुण्याचे गंधार आणि मुग्धा आले. तो कॉम्प्युटरवाला, ती फार्मसिस्ट. त्यांची लेक सिद्धी इथलीच. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. काही दिवसांनी गंधारची आई, शांताआजी, राहायला आल्या. बाईंचा हात कधी रिकामा राहिला नाही. बाजारातून त्यांनी तारोचे, म्हणजे आपल्या अळूचे, कंद आणले आणि आमच्या भिंतीलगतची जागा पसंत केली.

"या भोकांतून उंदीर शिरतील रे," आजी म्हणाल्या.

"गारठाही तिथूनच येतो, आई. फ्लोअर नुसता फ्रीझिंग असतो. झाकली गेली तर बरंच," गंधार म्हणाला आणि मातीची पोती रिकामी करू लागला.

माती माझ्या तोंडापर्यंत आली, मग डोक्यावरून गेली. मी ओरडले असते, पण जाळीला कुठला आवाज?

अळू मात्र असा फोफावला की काही विचारू नका. पानं सुपाएवढी झाली. आजींच्या अळूवड्यांची इथल्या मराठी मंडळात वाहवा झाली. आणि माझ्या पाठीमागे, अंधारात, फळ्यांच्या खालच्या अंगाला पांढरी बुरशी चढत होती.

हिवाळ्यात सिद्धी खोकू लागली. तिचा पलंग बरोबर माझ्या वरच्या खोलीत. मुग्धा दिवसभर लोकांच्या पोरांना इनहेलर कसा ओढायचा ते शिकवायची आणि घरी येऊन आपल्या लेकीची धाप मोजत बसायची. डॉक्टर म्हणाले, घरात ओल दिसते. म्हणून खोलीतली ओल ओढणारं डिह्युमिडिफायर आलं. रोज सकाळी त्याची टाकी काठोकाठ भरलेली.

"सिंकमध्ये कशाला ओततेस?" आजी सुनेला म्हणाल्या. "अळूला घाल. पाणी वाया कशाला घालवायचं?"

त्या दिवशी ते पाणी मुरत मुरत माझ्यापाशी आलं आणि मी चरकले. माझ्या ओळखीचं पाणी होतं ते. वाफ्यातून घराखाली, घराखालून फळ्यांमध्ये, फळ्यांतून सिद्धीच्या खोलीत, तिथून टाकीत आणि टाकीतून पुन्हा वाफ्यात. आमच्या वाटा बंद होत्या. ते जाणार तरी कुठे?

एकदा अँब्युलन्स आली. सिद्धी परत आली खरी, पण मुग्धा मागच्या पायरीवर बसून गंधारला म्हणाली, "मी फार्मसिस्ट ना? मग माझ्याच पोरीचा श्वास मला मोकळा करता का येत नाही?"

शेवटी आजीच म्हणाल्या, "हिला इथली हवा मानवत नाही. मी घेऊन जाते पुण्याला."

निघताना सिद्धी वाफ्यापाशी रेंगाळली. "आजी, हू विल वॉटर द अळू?"

"आई घालेल हो."

आता घरात खोकला ऐकू येत नाही. मला तो खोकला नकोसा व्हायचा, मित्रांनो, पण ही शांतता त्याहून वाईट आहे. आज सकाळी मुग्धा टाकी घेऊन आली. दुसऱ्या हातात फोन होता.

"आई, मी आता खोकत नाही," पलीकडून सिद्धी म्हणाली. अख्खं वाक्य मराठीत.

मुग्धाने फोन पानांकडे वळवला. "शहाणं माझं बाळ. हा बघ तुझा अळू, केवढा झालाय."

"पाणी घालतेस ना?"

"रोज घालते."

आपलं घर लेकीला मानवलं नाही, असं ती माउली धरून बसली आहे. मित्रांनो, तुमच्या घराखाली पोकळी असेल तर एकदा वाकून भिंतीचा तळ बघा. आमच्यापुढे माती साचली असेल तर ती ओढा. आणि मुग्धा कुठे भेटलीच, तर तिला सांगा, तुझी लेक इथल्या हवेने नाही, या हातभर मातीने तुझ्यापासून तोडली आहे.

फोन ठेवून तिने डोळे पुसले आणि सगळी टाकी वाफ्यात ओतली. उद्याही ती येईल. टाकी भरलेलीच असेल.